गुरुवारचा डेटा

मुलांनो, मागच्या रविवारी तुमच्यापैकी धाकट्याने मला विचारलं, "आजी, गाडी कुठे गेली?" टॅब्लेटच्या कोपऱ्यातून त्याला आमच्या इमारतीचं पार्किंग दिसलं होतं. मी म्हटलं, "पार्किंगचा फार त्रास होतो, म्हणून विकली." ते खोटं होतं. आमच्या वारज्याच्या इमारतीत आमची जागा ठरलेली आहे, आणि आता ती रिकामी आहे. मी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि मुलींना खोटं बोलल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं. म्हणून खरं काय ते लिहून ठेवते आहे. आत्ताच लिहिते, कारण मला अजून सगळं क्रमाने आठवतं आणि आजोबांना विचारून खात्री करून घ्यायची सोय आता उरलेली नाही. तुम्हाला मराठी सावकाश वाचता येतं. अडलात तर बाबाला विचारा. त्यालाही यातलं अर्धंच माहीत आहे.

आधी आमच्या घरातल्या इंटरनेटची व्यवस्था सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे पूर्वी केबलचं इंटरनेट होतं. गल्ली तीनदा खणली गेली आणि तीनदा केबल तुटली. तिसऱ्यांदा मी केबलवाल्याला सांगितलं, "आता राहू दे." मग राहिला फक्त आजोबांचा फोन. त्यात रोजचा दीड जीबी डेटा. माझा फोन बटणांचा, त्यात डेटा नाही. तुमच्या बाबाने पाठवलेल्या टॅब्लेटला कार्ड नाही, तो आजोबांच्या फोनवरून हॉटस्पॉट घेतो. आमच्या संध्याकाळी पाच वाजता, तुमच्याकडे सकाळी शाळेची बस यायच्या आधी, आपण बोलतो ते याच डेटावर. दिवसभरात फोनने काय खाल्लं, त्यावर तुम्ही मला किती वेळ दिसणार हे ठरतं.

आणि गुरुवारी तुम्ही दिसायचा नाहीत. म्हणजे दिसायचात, पण सात-आठ मिनिटांत चित्र थांबायचं. तुमची तोंडं अर्धवट उघडी राहायची. आवाज आधी रोबोटसारखा व्हायचा, मग बंद. फोनवर निरोप यायचा की आजचा डेटा संपला. इतर दिवशी असं होत नसे.

गुरुवारी आजोबा बिबवेवाडीला जायचे, आत्याआजीकडे. आत्याआजी म्हणजे त्यांची थोरली बहीण, ब्याऐंशी वर्षांची. तिला आता जवळजवळ दिसत नाही. दर गुरुवारी सकाळी दहाला आजोबा गाडी काढायचे, जाऊन तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, दोघं एकमेकांशी भांडायची, आणि दीडपर्यंत ते जेवायला घरी. निवृत्तीनंतर त्यांनी एकेक गोष्ट सोडली होती. सकाळचं फिरणं सोडलं, बँकेची कामं माझ्याकडे दिली, मित्रांचा कट्टा सोडला. गुरुवार तेवढा राहिला होता. एकट्याने करायची ती एकच गोष्ट त्यांच्याकडे शिल्लक होती, आणि ती आहे तोवर मला बाकीच्याकडे बघायचं नव्हतं. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

तुमचे आजोबा वीज खात्यात होते. मीटर तपासत त्यांनी हे शहर तीस वर्षं पायी, सायकलवर आणि स्कूटरवर पालथं घातलं. शनिवार पेठेत वाढलेला माणूस. बिबवेवाडीत शेतं होती तेव्हापासून तिथल्या पायवाटा त्यांना पाठ. तुमच्या बाबाने फोनमध्ये नकाशा चालू करून दिला तेव्हा ते म्हणाले होते, "ही कोण बाई? हिला पुणं कोणी शिकवलं?" नकाशातली बाई मराठीत सांगायची, दोनशे मीटरनंतर उजवीकडे वळा. ते तिला मुद्दाम डावीकडे वळून दाखवायचे आणि ती पुन्हा रस्ता शोधायला लागली की हसायचे.

मग केव्हातरी ते हसायचे थांबले. ती सांगेल तसे वळायला लागले. ती बोलली की म्हणायचे, "बरं, बाई." मला वाटलं, वय झालं, रहदारी वाढली, उड्डाणपूल रोज नवे. मीही गोंधळते. मी एकदा विचारलं, "रस्ता माहीत असताना नकाशा कशाला लावता?"

ते म्हणाले, "सोबतीला. तू येत नाहीस ना."

उत्तर चांगलं होतं. मी त्यावर समाधान मानलं.

आता माझी वही. तुम्हाला माहीत आहे, मी सगळं लिहून ठेवते. गॅसची टाकी कधी लावली, पंखा कधी पुसला, कुणाला कोणतं पुस्तक दिलं. गुरुवारचे फोन तुटायला लागले तेव्हा मी एक पान आखलं. वार, आजोबा कुठे गेले, नकाशा चालू की बंद, तुमचा फोन किती मिनिटं टिकला. दोन महिन्यांत चित्र स्वच्छ दिसलं. नकाशा लागला की फोन तुटतो. नकाशा नाही, तर तुटत नाही. शाळेत मी मुलींना सांगायची, पुरावा गोळा करा, मग वाक्य लिहा. मी वाक्य लिहिलं: नकाशा डेटा खातो.

उपायही वाचून काढला. टॅब्लेटवर इंग्रजीतली सूचना सापडली, ती शेवटपर्यंत वाचली. बहुतेक लोक सूचना वाचत नाहीत, मी वाचते. त्यात लिहिलं होतं की निघण्यापूर्वी रस्ता एकदा उघडून घेतला, की नंतर इंटरनेट बंद केलं तरी नकाशा चालत राहतो. आपण कुठे आहोत हे फोनला उपग्रहावरून कळतं, त्याला डेटा लागत नाही. हे सगळं खरं आहे. मी आजही तुम्हाला हेच सांगेन.

पुढच्या गुरुवारी मी खाली पार्किंगमध्ये गेले, बिबवेवाडीला जाऊन परत घरी यायचा रस्ता एकदमच उघडला, बाई पहिलं वाक्य बोलली, आणि मी डेटा बंद केला. फोन समोरच्या पकडीत बसवला आणि आजोबांना बजावलं, "आता पोहोचेपर्यंत फोनला हात लावायचा नाही. हात लावला तर रस्ता जाईल."

"फोन आला तरी?"

"फोन आला तरी."

"बरं, बाई," ते म्हणाले. यावेळी मला.

ते व्यवस्थित गेले, व्यवस्थित आले. संध्याकाळी तुम्ही पंचवीस मिनिटं दिसलात. थोरलीने पडलेला दात बोटावर धरून दाखवला, धाकट्याने सोफ्यावरून उडी मारून दाखवली, आणि बस आली म्हणून तुम्ही फोन ठेवलात. डेटा संपला म्हणून नव्हे. पुढच्या गुरुवारीही तसंच. वहीत मी दोन्ही ओळींपुढे इंग्रजीत 'सक्सेस' लिहिलं. आजोबा त्या दोन गुरुवारी जरा गप्प होते. मी त्याची नोंद केली नाही. त्याला माझ्या पानावर रकाना नव्हता.

तिसऱ्या गुरुवारी सव्वाअकराला आत्याआजीचा फोन आला, माझ्या बटणांच्या फोनवर.

"आज कीर्तनाला बसलाय की काय तुझा नवरा? की आमचा गुरुवार रद्द?"

"दहाला निघालेत, वन्सं."

तिने फोन ठेवला. टोमणा न मारता ती फोन ठेवते असं फार कमी वेळा होतं.

मी आजोबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पाच वेळा. मला कळत होतं की ते का उचलत नाहीत. मीच सांगितलं होतं. साडेबारापर्यंत मी अकरा वेळा लावला. मधल्या वेळात काय केलं ते आठवत नाही, फक्त ओट्यावर कोथिंबीर निवडून ठेवलेली सापडली, काड्या वेगळ्या, पानं वेगळी. बाराव्या वेळी कुणीतरी उचलला.

"हॅलो, कोन बोलून राह्यलं?"

विदर्भाकडचा आवाज होता. मी कोण ते सांगितलं.

"आजी, हे बाबा आमच्या गेटापाशी गाडीत बसून राह्यले. दोन घंटे झाले. मी सोसायटीचा वॉचमन. पानी देल्लं तर घेतलं नाही. म्हनते, बाई बोलली का जातो. मले वाटलं, कोनी बाई येनार आहे. आता फोन लय वेळचा वाजून राह्यला म्हून मीच उचलला. रागावू नका."

मी रागावले नाही. पत्ता विचारला. सिंहगड रस्त्याच्या आतली एक गल्ली. मी रिक्षा केली.

काय झालं होतं ते मला नंतर जुळवून घ्यावं लागलं. राजाराम पूल ओलांडल्यावर पुढचा रस्ता खणून ठेवला होता आणि वाहतूक बाजूच्या गल्लीतून वळवली होती. आजोबा बाकीच्या गाड्यांच्या मागे वळले. बाईचा ठरलेला रस्ता सुटला. डेटा चालू असता तर तिने नवा शोधला असता, तिला काय, ती रोज शोधते. डेटा बंद होता. पडद्यावर गोल फिरत राहिलं. दुसरा कुणी असता तर काच खाली करून विचारलं असतं. आजोबांनी गाडी नीट कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि वाट पाहिली. तीस वर्षं या शहरातले मीटर तपासलेल्या माणसाला तिथून पुढे कुठे जायचं ते सुचलं नाही. ज्या पुलापलीकडे ते थांबले होते, त्या पुलाचं काम चालू असल्यापासून ते तिथून जात होते.

मी गेले तेव्हा ते सीटवर सरळ बसले होते, पट्टा लावलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. घामाने शर्ट भिजला होता. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"हात लावला नाही मी," ते म्हणाले.

वॉचमन बाजूला उभा होता, माझ्या मुलाच्या वयाचा. तो म्हणाला, "आजी, ह्यायले एकटं नका धाडत जाऊ." मग त्याला वाटलं आपण जास्त बोललो, आणि तो गेट उघडायला गेला, आत जायला कुठली गाडी आलेली नव्हती तरी.

मी शेजारच्या सीटवर बसले आणि डेटा चालू केला. गोल फिरायचं थांबलं. बाई म्हणाली, शंभर मीटरनंतर डावीकडे वळा.

"आलीस का?" आजोबा तिला म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

मला घरी जायचं होतं. ते म्हणाले, "गुरुवार आहे." म्हणून आम्ही बिबवेवाडीला गेलो. त्यांनी गाडी नीट चालवली. हात, पाय, ब्रेक, आरसा, सगळं जिथल्या तिथे. फक्त प्रत्येक चौकाच्या आधी ते थोडे हळू व्हायचे आणि कान द्यायचे. स्वारगेटच्या सिग्नलला बाई गप्प होती, कारण सरळच जायचं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सरळ." त्या एका शब्दाने मला जेवढं थकवलं तेवढं आधीच्या दोन तासांनीही थकवलं नव्हतं.

आत्याआजीने दार उघडलं ती भिंत धरून. "आलात? मला वाटलं, आता थेट माझ्या बाराव्यालाच येताय."

"रस्ता खणलाय," आजोबा म्हणाले.

"रस्ता खणलेलाच असतो. पुणं आहे हे." मग तिने माझ्या पावलांचा आवाज ओळखला. "अगंबाई, तूही? आज काय विशेष?"

मी माठातून पाणी आणलं. पाणी प्यायलो. आजोबांनी वर्तमानपत्र काढलं आणि वाचायला घेतलं, आवाज स्वच्छ, जोडाक्षरं ठणठणीत. एक बातमी झाल्यावर आत्याआजीने विचारलं, "नातीचं काही नवीन?"

आजोबांचा चेहरा उजळला. त्यांनी फोन घेतला आणि थोरलीचा व्हायोलिनचा व्हिडिओ लावला. शाळेच्या हॉलमधला, गेल्या वर्षीचा, बाबाने ज्याची लिंक पाठवली होती तो. तू दुसऱ्या रांगेत आहेस, पांढऱ्या शर्टात. सहा-सात मिनिटांचा आहे. दोघं भावंडं डोकी जवळ आणून ऐकत होती. संपला. आजोबांनी पुन्हा पेपर घेतला, अर्धी बातमी वाचली. आत्याआजी म्हणाली, "नातीचं काही नवीन?"

"हो, आजच आलंय," आजोबा म्हणाले, आणि पुन्हा लावला.

चौथ्यांदा लागल्यावर मी आत स्वयंपाकघरात गेले. आत्याआजी भिंतीच्या आधाराने मागोमाग आली.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"वर्ष होईल. दर गुरुवारी आठ-दहा वेळा. पहिल्यांदा मी म्हटलं, अरे, हे ऐकलं मघाशी. तर म्हणाला, कधी? आणि असा कावराबावरा झाला की बस. मग मी उलटंच केलं. मीच विचारते, नवीन काही? दर वेळी पहिल्याइतका खूश होतो. माझंही पाठ झालंय. मधे एकदा पोरगी चुकते, थांबते, आणि पुढे जाते. तेवढ्यापुरतं माझं लक्ष असतं." तिने ओट्याची कड चाचपली. "मागचे दोन गुरुवार यंत्र बंद होतं म्हणाला. लागतच नव्हतं. सारखा नुसता दाबत बसायचा. फार हिरमुसला."

मी म्हटलं, "वन्सं, मला सांगायचंत तरी."

"तुला? तू वहीत लिहिलं असतंस." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "लिहिलं की खरं होतं, बाई. मला घाई नव्हती."

मी तिला डेटाचं काही सांगितलं नाही.

परतताना मी शेजारी बसले होते. घरी आल्यावर आजोबा जेवून झोपले आणि मी त्यांच्या फोनमध्ये ते पान उघडलं, जे दोन महिन्यांपूर्वीच उघडायला हवं होतं. कोणत्या गोष्टीने किती डेटा घेतला याची यादी फोन स्वतःच ठेवतो. तिथे माझी वही लागतच नव्हती. वर होते ते व्हिडिओ, एकाच दिवसात एक जीबीच्या आसपास. नकाशा पार खाली होता. बिबवेवाडीपर्यंत जाऊन परत यायला त्याने नऊ एमबी घेतले होते. आपल्या फोनवरच्या बोलण्यात तुम्ही 'हाय आजी' म्हणून कॅमेरा नीट करेपर्यंत तेवढे जातात.

त्या संध्याकाळी तुमचा फोन सहा मिनिटांत तुटला. थोरली काहीतरी सांगायला लागली होती, "आजी, गेस व्हॉट," आणि चित्र थांबलं. मी टॅब्लेट तसाच मांडीवर ठेवून बसले. तुझं तोंड उघडं होतं. काय सांगणार होतीस ते मी नंतर विचारलं तेव्हा तुला आठवलं नाही. मी म्हटलं, असू दे.

पुढचं थोडक्यात. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आजाराला एक नाव दिलं, ते बाबाला माहीत आहे, मी इथे लिहीत नाही. गाडीबद्दल मी काही बोलणार होते, त्याची वेळ आली नाही. पुढच्या बुधवारी आजोबांनी किल्ली माझ्या वहीवर आणून ठेवली आणि म्हणाले, "उद्यापासून रिक्षा. पार्किंगचा फार त्रास होतो तिकडे." म्हणजे पार्किंगचं खोटं मुळात त्यांचं आहे. मी तेच तुम्हाला सांगितलं. गेल्या आठवड्यात एक मनुष्य येऊन गाडी घेऊन गेला. आजोबा गॅलरीतून बघत होते. त्यांनी विचारलं, "कोणाची गाडी होती?" मी म्हटलं, "आपली." ते म्हणाले, "बरी ठेवली होती."

मला वाईट कशाचं वाटतं, तर त्यांचं एकट्याने जाणं आज ना उद्या थांबणारच होतं. पण थांबवलं मी, आणि तेही सूचना शेवटपर्यंत वाचून. तुम्ही पाच मिनिटं जास्त दिसावंत म्हणून. तुमचा यात काही दोष नाही, आणि मी पुन्हा तसंच केलं नसतं असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही. तुम्ही फार लांब आहात.

आता आम्ही दोघं रिक्षाने जातो, गुरुवारीच. आजोबा मांडीवर नकाशा उघडून बसतात. बाई बोलली की म्हणतात, "बरं, बाई." परवा रिक्षावाला म्हणाला, "काका, माझ्यावर विश्वास नाही का?" आजोबा म्हणाले, "तुमच्यावर आहे हो. पण तिला वाईट वाटेल."

डेटाची वही मी बंद केली. तुमच्या बाबाला सांगून थोरलीचा तो व्हिडिओ लिंकऐवजी फाईल म्हणून मागवला आणि एका सकाळी, दिवसाचा डेटा कोरा असताना, आजोबांच्या फोनमध्ये उतरवून घेतला. कसा लावायचा ते त्यांना अजून येतं. बिबवेवाडीत गुरुवारी तो आठ-दहा वेळा लागतो, आत्याआजी दर वेळी नवीन काय म्हणून विचारते, आणि तू दर वेळी त्याच जागी चुकून पुढे जातेस. त्याला डेटा लागत नाही.